दवाखान्याचे पैसे तू आधीच भरलेस

पत्र

ताई, मी मूळची इचलकरंजीची. अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत एमएस करतेय, दुसरं सेमिस्टर चालू आहे. चार दिवस झाले, लघवीला जळजळ होतेय, सारखं जावं लागतंय. आईने येताना दिलेल्या औषधांत सिप्रोफ्लॉक्सासिन होतं, काल दोन गोळ्या घेतल्या. जरा बरं वाटतंय, पण गेलेलं नाही. कॅम्पसवर हेल्थ सेंटर आहे, पण रूममेट म्हणतात, चुकूनही पायरी चढू नकोस. एक सीनियर पोट दुखतं म्हणून गेला आणि साडेतीन हजार डॉलरचं बिल घेऊन आला. बाबांनी घर तारण ठेवून कर्ज काढलंय, मला असलं काही परवडणार नाही. शिवाय तिथे म्हणे नको नको ते प्रश्न विचारतात. घरी कळलं तर? त्यात त्याच हेल्थ सेंटरची मेल आली आहे, की जानेवारीत हातावर केलेली टीबीची टेस्ट पॉझिटिव्ह आहे, पुढची तपासणी केली नाही तर फॉलचं रजिस्ट्रेशन अडवू. आमच्या घरात कुणालाही टीबी नाही. यामुळे व्हिसाला काही होईल का? झोपही नीट लागत नाही हल्ली, दोन आठवडे लेक्चरला जावंसंच वाटत नाही, एक कोर्स सोडून द्यावा म्हणतेय, पण ते राहू दे. आधी एवढंच सांगा, जाऊ की नको?
— नाव नको

उत्तर

अगं, तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी तुला दोन ओळी पाठवल्या होत्या: आजच जा, आणि थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत एका बाजूला दुखणं किंवा उलट्या यातलं काहीही सुरू झालं तर अपॉइंटमेंटचीही वाट बघू नकोस. गेली असशील असं धरून चालते. तरी सविस्तर लिहिते, कारण अशी पत्रं दर सेमिस्टरला येतात. नाव बदलतं, गाव बदलतं, रूममेटचा सल्ला मात्र तोच असतो. मी स्वतः अशाच एका विद्यापीठाच्या हेल्थ सेंटरमध्ये नर्स आहे, त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूने काय दिसतं ते मला सांगता येईल.

आधी त्या सीनियरचं बिल. तो कुठे गेला होता ते तू लिहिलेलं नाहीस, पण साडेतीन हजार हा आकडा कॅम्पसच्या हेल्थ सेंटरचा वाटत नाही. तो बहुधा रात्री किंवा शनिवार-रविवारी हॉस्पिटलच्या इमर्जन्सी रूमला गेला असणार. अमेरिकेत आजारी माणसासाठी तीन दारं असतात. पहिलं कॅम्पसचं हेल्थ सेंटर, दुसरं गावातलं अर्जंट केअर (तातडीच्या, पण जीवावर न बेतलेल्या दुखण्यांचा दवाखाना), तिसरं इमर्जन्सी रूम, म्हणजे ईआर. दुखणं तेच असलं तरी दारागणिक खर्च कित्येक पटींनी वाढतो, आणि आपली मुलं बिलाच्या भीतीने पहिलं दार टाळतात, दुखणं अंगावर काढतात आणि शेवटी रात्री दोन वाजता तिसऱ्या दारात जाऊन पोचतात. ज्या बिलाला भ्यायचं, ते असं ओढवून घेतलेलं असतं.

पहिल्या दाराचे पैसे तू भरून बसली आहेस. तुझ्या युनिव्हर्सिटीच्या अकाउंटवर फीचं बिल उघड आणि नीट वाच. बहुतेक ठिकाणी दोन वेगळ्या ओळी दिसतील. एक ‘हेल्थ फी’, दुसरी ‘हेल्थ इन्शुरन्स’. मुलं या दोन्हींना एकच समजतात, तसं नाही. हेल्थ फी त्या इमारतीसाठी, तिथल्या नर्स-डॉक्टरांसाठी असते, म्हणूनच तिथे साधं दाखवायला गेलं तर भेटीचे वेगळे पैसे बहुतेक ठिकाणी पडत नाहीत, किंवा अगदी थोडे पडतात. इन्शुरन्स लागतो तो रक्त-लघवीच्या तपासण्या, एक्स-रे, औषधं आणि बाहेरचा स्पेशालिस्ट यांना. तेव्हा ‘व्हिजिट फुकट’ याचा अर्थ ‘सगळं फुकट’ असा धरू नकोस. तपासणीला हो म्हणण्याआधी सरळ विचार: याचे पैसे वेगळे पडतील का, आणि बिल इन्शुरन्सला जाईल की माझ्या अकाउंटवर? यात कंजूषपणा काही नाही. इथली पोरंही विचारतात, आमच्या फ्रंट डेस्कला सवय आहे.

काही जणींनी सुरुवातीलाच फॉर्म भरून युनिव्हर्सिटीचा इन्शुरन्स नाकारलेला असतो आणि भारतातून स्वस्तातला प्लॅन आणलेला असतो. तू त्यातली असशील तर पॉलिसीचा कागद काढून दोन गोष्टी बघ. आधीपासूनच्या आजारांना तो काय देतो, आणि एका भेटीला, एका दिवसाला ठरावीक रक्कम देऊन हात वर करतो का. तसे प्लॅन कागदावर छान दिसतात, ईआरच्या बिलापुढे मात्र त्यांची रक्कम चुटकीसरशी संपते.

युनिव्हर्सिटीचाच प्लॅन असेल तर त्यातले दोन शब्द समजून घे, बाकीचे आपोआप कळतील. डिडक्टिबल म्हणजे वर्षभरात आधी तुझ्या खिशातून जाणारी रक्कम, आणि को-इन्शुरन्स म्हणजे त्यानंतरच्या खर्चातला तुझा वाटा. समजा डिडक्टिबल ५०० डॉलर आहे, को-इन्शुरन्स २० टक्के, आणि मंजूर झालेलं बिल २,५०० डॉलरचं. आधीचे ५०० तुझे. उरलेल्या २,००० चे २० टक्के, म्हणजे ४००, तेही तुझे. एकूण ९००. तुझ्या प्लॅनचे आकडे वेगळे असतील, ते बघून एकदा कागदावर मांडून ठेव, म्हणजे रूममेटच्या आकड्यांनी झोप उडणार नाही. आणखी एक कलम बघ: काही प्लॅनमध्ये बाहेरच्या डॉक्टरकडे जाण्याआधी हेल्थ सेंटरचं रेफरल लागतं. ते न घेता परस्पर स्पेशालिस्टकडे गेलीस तर प्लॅन पैसे कमी देतो किंवा देतच नाही. आधी हेल्थ सेंटरला जा असं मी म्हणते त्याचं हेही एक कारण.

मग काही दिवसांनी इन्शुरन्सचं एक पत्र येईल, त्यात मोठाले आकडे असतील. ते ईओबी, म्हणजे कुठल्या खर्चाचे इन्शुरन्सने किती दिले आणि तुझ्या वाट्याला किती आले याचा हिशेब. त्यावर कुठेतरी ‘हे बिल नाही’ असं छापलेलं असतं, पण मुलं तेवढंच सोडून बाकी सगळं वाचतात आणि मला फोटो काढून पाठवतात. खरं बिल वेगळं येतं. दोन्ही शेजारी ठेवून रक्कम जुळते का बघायची, मगच पैसे भरायचे.

त्या सीनियरला माझा निरोप दे. एक पान भरून नुसती एकूण रक्कम लिहिलेलं बिल आलं असेल तर हॉस्पिटलच्या बिलिंगला फोन करून एकेक बाब लिहिलेलं बिल मागायचं. हॉस्पिटल ना-नफा तत्त्वावरचं असेल, आणि इथली बरीचशी तशीच आहेत, तर कमी उत्पन्नवाल्यांना सवलत देण्याचं लेखी धोरण ठेवणं त्यांना कायद्याने भाग आहे. त्याचा अर्ज मागायचा. स्टुडंट व्हिसावर आहे म्हणून मागायलाच लाजायचं असं काही नाही. आणि जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यामुळे, इमर्जन्सीत नेटवर्कबाहेरच्या, म्हणजे तुमच्या इन्शुरन्सशी करार नसलेल्या, हॉस्पिटलात जावं लागलं तरी त्या हॉस्पिटलला ‘आम्ही नेटवर्कबाहेरचे’ म्हणून फरकाची रक्कम तुमच्यावर लादता येत नाही. रस्त्यावरची अँब्युलन्स मात्र या केंद्रीय कायद्यातून सुटली आहे. हवाई आहे, रस्त्यावरची नाही. का, ते मला विचारू नकोस.

एवढं सगळं सांगितलं म्हणून तिसरं दार बंद समजू नकोस. छातीत दुखणं, श्वास लागणं, शुद्ध हरपणं, डोक्याला मार, न थांबणारा रक्तस्राव, पोटात उजवीकडे खाली वाढत जाणारं दुखणं, अशा वेळी ९११ लाव आणि पैशाचा विचार दुसऱ्या दिवशी कर. १९८६ च्या कायद्याने ईआरला तुझ्याकडे इन्शुरन्स असो-नसो, तपासणं आणि तब्येत स्थिर होईपर्यंत उपचार करणं बंधनकारक आहे. मधल्या वेळी, म्हणजे हेल्थ सेंटर बंद आहे पण जीवावरचं नाही अशा वेळी, बहुतेक युनिव्हर्सिटींचा रात्रीचा नर्सचा फोन असतो. नंबर हेल्थ सेंटरच्या दारावर आणि व्हॉइसमेलवर असतो. तो आत्ताच फोनमध्ये सेव्ह कर, ताप भरल्यावर शोधणं होत नाही.

आता तुझं दुखणं. आईची पिशवी मी पाहिलेली नाही, पण मला ती माहीत आहे. झिपची प्लास्टिकची पिशवी, आत रबरबँड लावलेल्या स्ट्रिपा, आणि एकेकीवर बॉलपेनने लिहिलेलं: ताप, जुलाब, जेवणानंतर १. आईने काळजीने दिलंय, तिला बोल लावू नकोस. पण सिप्रोफ्लॉक्सासिन लघवीच्या साध्या संसर्गाला पहिलं औषध म्हणून आता देत नाहीत. स्नायूबंध आणि नसांवर होणाऱ्या दुष्परिणामांमुळे इथल्या औषध प्रशासनाने, एफडीएने, २०१६ मध्ये तसं बजावलंय: दुसरा पर्याय असेल तर साध्या संसर्गाला हे नको. शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच जंतूंवर ते आता चालतही नाही. दोन गोळ्यांनी सगळे जंतू मरत नाहीत, नुसते दबतात, आणि लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, उगवायचे ते कदाचित उगवत नाहीत. मग नेमकं कोणतं औषध लागू पडेल ते कळायला मार्ग उरत नाही. म्हणून तिथे पहिलं वाक्य हेच बोल: मी अमुक तारखेला सिप्रोच्या दोन गोळ्या घेतल्या. लपवू नकोस, रागावत कुणी नाही. स्ट्रिपेचा फोटो दाखवलास तर उत्तमच.

अपॉइंटमेंट हेल्थ सेंटरच्या पोर्टलवर मिळते. पोर्टल पुढच्या आठवड्याची तारीख दाखवत असेल तर हिरमुसून बंद करू नकोस, फोन कर आणि लक्षणं सांग. जळजळ, चार दिवस, गोळ्या घेतल्यात. त्याच दिवशी बघायच्या पेशंटसाठी थोड्या जागा राखलेल्या असतात आणि त्या फोनवरच्या नर्सच्या हातात असतात. तू ‘थोडं बरं नाही’ म्हणालीस तर ती तुला पुढचा आठवडा देईल, हेही खरं. आपल्या मुली दुखणं कमी करून सांगतात. असं करू नकोस. किती दिवस, किती वेळा, रात्री उठावं लागतं का, ताप मोजला का, असं आकड्यांत सांग.

गेल्यावर ओळखपत्र आणि इन्शुरन्स कार्ड दाखवायचं. मग वजन, बीपी, ताप. मग एक झाकणाची प्लास्टिकची डबी हातात देतील, तिच्यावर तुझ्या नावाचं लेबल, सोबत पुसायचे ओले कागद. बाथरूममध्ये सूचना लावलेली असते: पुढून मागे पुसायचं, सुरुवातीची लघवी जाऊ द्यायची, मधली डबीत घ्यायची. बऱ्याच ठिकाणी भिंतीत एक छोटंसं दार असतं. डबी त्यात ठेवून दार लावायचं, पलीकडून लॅबवाले उचलतात. डबी हातात घेऊन भरल्या वेटिंग रूममधून चालत जावं लागेल ही धास्ती असेल तर ती सोड. पट्टीची तपासणी लगेच होते, कल्चरला दोन-तीन दिवस. साध्या संसर्गाला नायट्रोफ्युरँटॉइनचा पाच दिवसांचा कोर्स नेहमी देतात. जुनं, स्वस्त औषध आहे, भारतातही मिळतं. तुला काय द्यायचं ते तपासणारी ठरवेल. दुकानात घेताना इन्शुरन्सची किंमत आणि रोखीची किंमत दोन्ही विचार. जेनेरिक औषध कधीकधी कूपन लावून रोखीत इन्शुरन्सपेक्षा स्वस्त पडतं.

तपासणारी डॉक्टर नसेलही, नर्स प्रॅक्टिशनर असेल. यावरून आपल्याकडचे पालक फोनवर फार खट्टू होतात, ‘डॉक्टरने बघितलंच नाही’ म्हणून. तिला तपासायचा, निदान करायचा, औषध लिहून द्यायचा परवाना असतो आणि असल्या संसर्गाच्या केसेस ती रोज बघते. बाईच हवी असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांग, बहुतेक वेळा जमतं.

‘नको ते प्रश्न’ म्हणजे कोणते ते मला ठाऊक आहे. दारू, सिगारेट, लैंगिक संबंध आहेत का, शेवटची पाळी कधी, गरोदर असण्याची शक्यता आहे का. हे प्रश्न येणाऱ्या प्रत्येक मुलीला विचारतात, तुझा चेहरा बघून नाही. तुझ्या बाबतीत तर त्यांना थेट कारण आहे. याच जळजळीचं दुसरं कारण लैंगिक संबंधातून होणारा संसर्ग असू शकतो, त्याची तपासणी वेगळी आणि औषध वेगळं, आणि गरोदरपणात काही ठरावीक अँटिबायोटिक देत नाहीत. उत्तर हो असेल तर हो म्हण, नाही असेल तर नाही. खोटं उत्तर दिलंस तर चुकीचं औषध घेऊन बाहेर पडशील, बाकी कुणाचं काही जाणार नाही. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचंच नसेल तर तसंही सांगता येतं.

आता घरी कळण्याचं. अठरा पूर्ण झाली की हेल्थ सेंटर तुझ्या लेखी परवानगीशिवाय आईबाबांना काही सांगत नाही. बाबांनी फोन करून विचारलं तरी नाही. प्रोफेसरला किंवा डिपार्टमेंटलाही नाही. काही ठरावीक साथीचे आजार सरकारी आरोग्य खात्याला कळवावे लागतात आणि जीवाला धोका असेल तर अपवाद होतो. एरवी तुझी फाइल तुझी. पण कायद्याबाहेर तीन फटी असतात, त्या तूच बुजवायच्या. एक, फीच्या अकाउंटचा पासवर्ड बाबांकडे आहे का? हप्ते भरायला मुलं देऊन ठेवतात. मग ‘हेल्थ सेंटर, लॅब’ अशी ओळ त्यांना दिसणारच. दोन, पत्ता कुणाचा दिलास? पहिल्या महिन्यात घर मिळालं नव्हतं म्हणून न्यू जर्सीतल्या काकांचा पत्ता दिलेला असतो आणि तो तसाच राहतो. मग ईओबी काकूच्या हातात पडतो, पुढचं सांगायला नको. पत्ता बदल, आणि इन्शुरन्सच्या पोर्टलवर जाऊन पत्रं कागदाऐवजी ईमेलवर लाव. तीन, रूममेट. तिथे माझा काही इलाज नाही.

टीबीच्या मेलने तू घाबरणं साहजिक आहे, पण हातावरच्या टेस्टबद्दल दोन गोष्टी कळल्या तर भीती निम्मी होईल. ती टेस्ट म्हणजे कातडीखाली थोडं द्रव टोचून दोन-तीन दिवसांनी आलेली गाठ मिलिमीटरमध्ये मोजायची. आपल्यासारख्या टीबी जास्त असलेल्या देशातून नुकत्याच आलेल्यांमध्ये १० मिलिमीटर किंवा जास्त आली तर पॉझिटिव्ह धरतात. गडबड अशी की आपल्याला जन्मल्यावर टोचलेल्या बीसीजीमुळेही गाठ येऊ शकते. दंडावर तो बारका वण असेल बघ तुझ्या. म्हणून पुढची तपासणी रक्ताची माग, आयजीआरए म्हणतात तिला. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. ती निगेटिव्ह आली तर बहुधा विषय तिथेच संपेल.

ती पॉझिटिव्ह आली तर छातीचा एक्स-रे काढतील. एक्स-रे स्वच्छ आणि लक्षणं काही नाहीत, तर त्याला लेटंट टीबी म्हणतात. जंतू शरीरात आहेत पण झोपलेले. तू खोकून कुणाला देऊ शकत नाहीस, लेक्चरला जाऊ शकतेस, रूममेटला ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. ‘आमच्या घरात कुणाला नाही’ याला तसा अर्थ नसतो. आपल्याकडे झालेल्या २०१९–२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या साधारण ३१ टक्के लोकांच्या शरीरात टीबीचा संसर्ग सापडला होता. एसटीत, क्लासमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये, कुठेही लागतो. औषध न घेतलेल्या अशा लोकांपैकी पाच ते दहा टक्क्यांना आयुष्यात कधीतरी खरा टीबी होतो, म्हणून गोळ्या सुचवतात: रिफॅम्पिन रोज चार महिने, किंवा दोन औषधं आठवड्यातून एकदा तीन महिने. माझं मत विचारशील तर घेऊन टाक, तरुणपणी, लिव्हर ठणठणीत असताना. रिफॅम्पिनने लघवी नारिंगी होते, तेव्हा घाबरू नकोस, आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम ते कमी करतं, हे लक्षात ठेव. लेटंट टीबीने एफ-१ स्टेटसला, म्हणजे तुझ्या स्टुडंट व्हिसाला, काही होत नाही. अडतं ते रजिस्ट्रेशन, तेही तपासणी टाळलीस तर. एवढ्यासाठी जाशील तेव्हा जळजळीचंही दाखवून येशील. आईला सांगायचं असेल तर रक्ताचा रिपोर्ट आल्यावर सांग. नुसता ‘टीबी’ शब्द ऐकून इचलकरंजीत काय होईल ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

आणि आता ते, जे तू ‘राहू दे’ म्हणून सोडून दिलंस.

झोप नाही, दोन आठवडे लेक्चरला जावंसं वाटत नाही, कोर्स सोडावासा वाटतो. सगळ्या पत्रात मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. लघवीचा संसर्ग आठवड्यात बरा होईल. हे आपोआप बरं होईलच असं नाही, आणि घराचं कर्ज डोक्यावर घेऊन आलेल्या पोरी हे कुणापाशी बोलतच नाहीत, हे मी रोज बघते. घरी फोनवर सगळं छान चाललंय म्हणायचं, इथे पांघरूण डोक्यावर घ्यायचं. हेल्थ सेंटरच्याच इमारतीत किंवा शेजारी काउन्सेलिंग सेंटर असतं. बहुतेक ठिकाणी पहिली काही सत्रं फुकट, त्याच हेल्थ फीमधून. मर्यादित सत्रं देतात आणि गरज वाटली तर बाहेर पाठवतात, हे आधी माहीत असू दे म्हणजे मध्येच टाकून दिल्यासारखं वाटणार नाही. तपासायला जाशील तेव्हा हातात एक छोटा फॉर्म देतील, गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, मन लागतं का, असे प्रश्न. सवयीने सगळीकडे ‘अजिबात नाही’ला टिक करून मोकळी होऊ नकोस. खरं भर, तेवढ्यानेही बोलणं सुरू होतं. रात्री विचार जास्त काळे झाले, जगणं नको वाटलं, तर ९८८ ला फोन किंवा मेसेज कर. २०२२ पासून हा तीन आकडी नंबर पूर्ण अमेरिकेत चालतो, दिवसरात्र. इमिग्रेशनशी त्याचा संबंध नाही.

कोर्स सोडायचाच झाला तर क्रम उलटा करू नकोस. पोर्टलवर ‘ड्रॉप’ दाबायला एक सेकंद लागतो, आणि फुल-टाइमपेक्षा कमी क्रेडिट झाले की एफ-१ स्टेटस धोक्यात. तब्येतीच्या कारणाने कमी क्रेडिट घ्यायची सोय नियमात आहे. शिक्षणाच्या एका पातळीसाठी, म्हणजे तुझ्या बाबतीत मास्टर्ससाठी, एकूण बारा महिन्यांपर्यंत. पण त्याला डॉक्टरचं किंवा लायसन्स असलेल्या सायकॉलॉजिस्टचं पत्र लागतं, आणि इंटरनॅशनल ऑफिसातल्या डीएसओची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याची, मंजुरी कोर्स सोडायच्या आधी यावी लागते. इथे नर्स प्रॅक्टिशनरचं पत्र चालत नाही, म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच कारण सांग. काउन्सेलिंगवालीलाही पहिल्याच भेटीत विचार की असं पत्र देणारं तुमच्याकडे कोण आहे, सगळ्याच काउन्सेलर सायकॉलॉजिस्ट नसतात. डीएसओला आजाराचे तपशील सांगायची गरज नाही, पत्र पुरतं.

कोर्स सोडण्याची शेवटची तारीख अकॅडेमिक कॅलेंडरमध्ये असते. ती आज बघ आणि डीएसओची वेळ तिच्या निदान आठवडाभर आधीची घे, त्या आठवड्यात त्यांच्याकडे रांग लागलेली असते.